‘कंदिसा’ की ‘डेझर्ट रेन’? ‘इंडियन ओशन’चा ताल आणि रसिकांचा जुना वाद

भारतीय रॉक संगीताचे रसिक एकत्र आले की काही वाद हमखास निघतात. ‘इंडियन ओशन’चा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा त्यांपैकी एक. ‘कंदिसा’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असते, ‘डेझर्ट रेन’वाले थोडे, पण हट्टी, ‘झीनी’चे चाहते शांतपणे आपले मत मांडून गप्प बसतात. या वादाच्या पोटात आणखी एक वाद असतो. बँडचे ड्रमवादक अमित किलम हे मोठे वादक आहेत, की चांगल्या बँडमधले नुसते नेटके वादक? वरवर पाहता हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येत नाही, कारण या बँडचा ताल कधीच एका वादकाच्या हातात नव्हता.

‘इंडियन ओशन’ची स्थापना दिल्लीत १९९० साली झाली. गिटारवादक सुष्मित सेन आणि गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती हे तिचे आद्य सूत्रधार. बास गिटार वाजवणारे राहुल राम १९९१ मध्ये आले. ‘इंडियन ओशन’ याच नावाचा पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला, तेव्हा ड्रमवर दुसरे वादक होते. अमित किलम १९९४ मध्ये दाखल झाले. पुढे जवळजवळ पंधरा वर्षे टिकलेली चौकडी ती हीच. ‘डेझर्ट रेन’, २००० सालचा ‘कंदिसा’, २००३ सालचा ‘झीनी’ आणि अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चे संगीत ही सारी निर्मिती या चौघांची. वाद घालणारे ज्या ‘इंडियन ओशन’बद्दल बोलतात, ती बहुधा या पंधरा वर्षांतली असते.

एका मंचावर दोन तालवादक

मंचावरची मांडणी आधी लक्षात घ्यावी लागते. अमित किलम स्टुलावर, ड्रमसंचामागे. असीम चक्रवर्ती मांडी घालून, पुढ्यात तबले, आणि तोंडासमोर ध्वनिक्षेपक. कारण मुख्य गायकही तेच. स्वतः ठेका धरून त्याच वेळी गाणे हे किती अवघड आहे, ते भजनाला पेटी वाजवत गाणाऱ्यालाही पुरते कळायचे नाही. हातांनी तालाची मात्रा धरायची आणि गळ्याने ती मोकळी सोडायची.

ड्रमसंच हे यंत्रच मुळी कमी माणसांत काम भागवण्यासाठी जन्मले. लष्करी वाद्यवृंदात मोठा ढोल एकाकडे, छोटा दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असत. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये पायाने मोठा ढोल वाजवण्याच्या पेडलचे पेटंट घेतले, आणि एकच माणूस दोन्ही हात व दोन्ही पाय वापरून सगळे वाजवू लागला. त्यामुळे पाश्चात्त्य रॉकमध्ये ड्रमवादक हा तालाचा एकमेव धनी झाला, आणि त्याच्या थोरवीचे मापही त्यातूनच ठरले: किती वेगवान, किती जोरकस, चार अवयव किती स्वतंत्र. आपल्याकडचे तरुण रसिक हेच माप घेऊन किलम यांच्याकडे पाहतात आणि निराश होतात. दुहेरी पेडलचा गडगडाट नाही, पाच-पाच मिनिटांचे एकल वादन नाही.

पण येथे तालाचे धनी दोन आहेत, आणि त्यांची वाद्ये एकमेकांच्या वाटेत येणारी आहेत. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाई असते. त्या शाईमुळे चामड्याच्या कंपनांतले उपस्वर सुरेल प्रमाणात येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. म्हणूनच तबला सुरात लावता येतो आणि गाण्याच्या षड्जाशी तो बोलतो. ड्रमच्या साध्या पडद्याला ही सोय नाही. त्याचा आवाज सुराच्या नव्हे, आघाताच्या बळावर उभा राहतो. आता दायाच्या ‘ना’वर जर स्नेअरची काठी पडली, तर तबला ऐकूच येणार नाही. शिवाय मंचावर तबल्यासमोरचे ध्वनिक्षेपक शेजारच्या झांजांचा झणत्कारही ओढून घेतात. ध्वनियोजकाने तबला वाढवला की झांजाही वाढतात. अशा वेळी ड्रमवादकाने काय वाजवले याहून काय वाजवले नाही, यावर गाणे तरते.

गोमंतकीय वाचकाला हे समजायला दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. घुमट आरतीत घुमट हातांनी वाजते. मातीच्या भांड्याच्या मोकळ्या तोंडावरचा तळवा कमीजास्त करून त्याचा घुमारा काढतात. शेजारी शामेळ दोन काठ्यांनी वाजतो. जोडीला कासाळे. शामेळ वाजवणाऱ्याने मनात आणले तर तो चार घुमटे सहज गिळून टाकील. जाणता शामेळवादक ते करीत नाही, आणि श्रोत्यांपैकी कोणी त्याबद्दल त्याचे वेगळे कौतुकही करीत नाही. किलम यांचे बरेचसे काम या जातीचे आहे.

बैहर आणि ‘मा रेवा’

‘कंदिसा’तील सात रचनांपैकी जे गाणे सर्वदूर गेले ते ‘मा रेवा’. ते नर्मदेच्या खोऱ्यातले पारंपरिक गीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतलेले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते. त्या काळात खोऱ्यात कानावर पडलेले गाणे त्यांनी बँडमध्ये आणले.

येथे बैहरचा उल्लेख आवश्यक ठरतो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे दोन उतार आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय वैनगंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात; तिथले मराठी कान नागपूर-गोंदियाकडे लागलेले. बैहर मात्र वर पठारावर. तेथील बंजर नदी कान्हाच्या जंगलातून वाहत मंडल्यापाशी नर्मदेला मिळते. म्हणजे एकाच जिल्ह्यातला पाऊस थोडा बंगालच्या उपसागरात जातो आणि थोडा अरबी समुद्रात. बैहर हे रेवेच्या बाजूचे गाव. मंडल्याच्या खाली बरगीचे धरण १९९० मध्ये पूर्ण झाले, आणि नर्मदेवरच्या मोठ्या धरणांत विस्थापनाची पहिली झळ याच वरच्या खोऱ्याला बसली. तेव्हा या भागात रेवेचे गाणे दिल्लीच्या तरुणांनी विद्युत गिटारवर वाजवले, तर ते नुसते करमणूक म्हणून ऐकले जाणे शक्य नव्हते.

माझे आजोळ बैहरचे. शाळेतल्या उन्हाळी सुट्टीत मामेभावाकडे ‘कंदिसा’ची कॅसेट होती, आणि ओसरीवर त्याची व त्याच्या मित्रांची खडाजंगी चाले. एकाच्या मते ड्रम अगदीच मिळमिळीत. त्याने नुकतेच कुठे तरी हेवी मेटल ऐकले होते. मामांच्या ओळखीचे एक वयस्क मांदरवादक एकदा तेथे बसले होते. ‘मा रेवा’ संपेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, की हे किती जण वाजवीत आहेत. दोघे, असे कळल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा लावायला सांगितले. त्यांना गाणे आवडले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

तो प्रश्न कोठून आला, हे मांदर पाहिल्यावर उमगते. बैहर परिसरातील बैगा आणि गोंड समाजांत करमा नृत्याला मांदर लागतो. मातीचे लांबट खोड, दोन्ही तोंडांना चामडे, एक तोंड मोठे व खर्जाचे, दुसरे लहान व टणक बोलाचे. वाद्य गळ्यात अडकवून वादक स्वतःही नाचणाऱ्यांच्या रांगेसमोर पुढे-मागे होतो. एकाहून अधिक मांदर असले, की एकाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने त्याला छेद द्यायचा. नाचणाऱ्यांचे पाऊल चुकले तर दोष वादकाचा. वेगाचे कौतुक तेथेही होते, पण पावलांना झेपेल एवढ्याच वेगाचे. (याच भागात मलाजखंडची तांब्याची मोठी खाण आहे. ड्रमच्या उत्तम झांजा ज्या काशाच्या घडवतात त्यात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असते. बैहरच्या मातीत मांदरही आहे आणि झांजही, असे मामा गमतीने म्हणत.)

मग अल्बम कोणता?

‘डेझर्ट रेन’ हे प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे. १ जानेवारी १९९७ रोजी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ने दिल्लीत आयोजित केलेल्या कार्यक्रमातले हे वादन. चुका पुसायला स्टुडिओ नव्हता. ज्याला किलम-चक्रवर्ती जोडीचे परस्परांशी बोलणे ऐकायचे आहे, त्याने येथूनच सुरुवात करावी. कोणी कोणाला जागा दिली, कोण क्षणभर थांबले, हे येथे उघडे दिसते. हट्टी मंडळींचा हट्ट अगदीच अनाठायी नाही.

‘कंदिसा’ अधिक घडीव आहे. शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामी भाषेतली प्रार्थना, ‘हिल्ले ले’च्या मुळाशी गोरख पांडे यांची कविता, आणि ‘मा रेवा’. इतक्या दूरदूरच्या गोष्टी एका अल्बमात आल्या, तरी गोधडी झाली नाही. याचे श्रेय सुष्मित सेन यांच्या गिटारला देण्याची प्रथा आहे. ते रास्तच, पण अपुरे. भाषा बदलते, सूर बदलतो, तरी खालचा तबला-ड्रमचा पोत तोच राहतो. ‘कंदिसा’ला माझे मत पडते ते यासाठी. ‘झीनी’मध्ये कबीर आहे, परिपक्वता आहे, थोडा सावधपणाही आहे. ‘ब्लॅक फ्रायडे’तले पीयूष मिश्रा यांच्या शब्दांचे ‘बंदे’ हे गाणे लोकप्रियतेत सर्वांच्या पुढे गेले. मात्र चित्रपटाच्या संगीताला अल्बमांच्या स्पर्धेत धरावे की नाही, यावर पुन्हा वेगळा वाद आहे आणि तो तेथेच सोडलेला बरा.

खरी कसोटी लागली ती २००९ मध्ये. असीम चक्रवर्ती यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २५ डिसेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. रॉकच्या इतिहासात तालवादक गेल्यावर बँडने काय करावे याचे दोन प्रसिद्ध दाखले आहेत. जॉन बॉनम १९८० मध्ये गेले, तेव्हा ‘लेड झेपेलिन’ने त्याच वर्षी काम थांबवले. कीथ मून १९७८ मध्ये गेले, तेव्हा ‘द हू’ने केनी जोन्स यांना घेतले आणि बँड पुढे चालवला, जुने चाहते अजून कुरकुरतात.

‘इंडियन ओशन’ने तिसरा मार्ग धरला. असीम यांचे गायन ज्यांत ध्वनिमुद्रित झालेले होते त्या रचना २०१० पासून ‘१६/३३० खजूर रोड’ या नावाने दरमहा एक अशा विनामूल्य दिल्या. नाव दिल्लीतल्या करोल बागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता आहे, जेथे बँडचा वर्षानुवर्षे सराव चाले. बँडवरील जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपटही त्याच वर्षी आला. मंचावरच्या रिकाम्या जागेसाठी मात्र दोन माणसे घ्यावी लागली: गायनाला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. एका आसनावरचे काम दोन आसनांवर गेले. असीम यांच्याविषयी शेकडो मृत्युलेखांत जे लिहिले गेले, त्याहून ही वाटणी अधिक सांगून जाते.

किलम यांच्या वादनातला बदलही येथून ऐकू येतो. तबलावादक आता गात नव्हता, त्याचे लक्ष पूर्ण तबल्यावर होते. म्हणजे तालाच्या बाजूने गर्दी वाढली होती. सुष्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव आले, आणि २०१४ च्या ‘तंदानू’त शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट यांच्यासह तबला व ड्रम दोन्ही वाजवणारे कर्ष काळे पाहुणे म्हणून आले. इतक्या पाहुण्यांत घर सांभाळायचे काम किलम यांच्याकडे होते. ते बासरीसारखा रेकॉर्डर आणि बाउलांची गबगुबीही वाजवतात, गातातही. ड्रमसंच त्यांच्यासाठी अनेकांतले एक वाद्य आहे. ‘तू है’ हा २०२३ चा अल्बम ऐकताना हे अधिक जाणवते.

कौशल्याचा प्रश्न तरीही निकाली निघत नाही, आणि निघू नये. तुलनाच करायची तर त्रिलोक गुर्टू यांच्याशी करावी. त्यांच्या मातोश्री शोभा गुर्टू बेळगावात जन्मल्या आणि आजी मेनकाबाई शिरोडकर गोमंतकीय, म्हणजे आपल्या अंगणातलेच नाव. गुर्टू जमिनीवर बसून एकाच मांडणीत ड्रम आणि तबला दोन्ही वाजवतात. जे ‘इंडियन ओशन’मध्ये दोघांत विभागलेले होते ते येथे एकाच देहात आहे. वेग, नेमकेपणा, कल्पकता या कोणत्याही कसोटीवर गुर्टू पुढेच राहतील. मात्र त्यांना ‘मा रेवा’त असीम यांच्या शेजारी बसवून पाहावे, आणि त्यांनी किती वाजवले असते याची कल्पना करावी. बैहरच्या ओसरीवरच्या त्या मित्रांपैकी एक आता ‘कंदिसा’च्या बाजूने बोलतो. दुसरा अद्याप हेवी मेटलवर ठाम आहे.