फ्रीडॉस आणि बायोसची मध्यस्थी

डॉससारखी जुनी प्रणाली नव्या डिस्कवर चालत नाही, याचे कारण डिस्कच्या वाढलेल्या आकारमानात शोधण्याचा प्रघात आहे. जिम हॉल यांनी १९९४ च्या जूनमध्ये आरंभिलेल्या फ्रीडॉसचा इतिहास पाहता ही उपपत्ती अपुरी ठरते.

डॉस डिस्कशी प्रत्यक्ष व्यवहार करीतच नाही. ती बायोसकडे मागणी करते. संगणक सुरू होताच बायोस डिस्कवरील ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर स्मृतीत आणतो. त्यातील ४४६ बाइट प्रारंभिक आज्ञांसाठी, ६४ विभागांच्या कोष्टकासाठी आणि दोन ओळखचिन्हासाठी असतात. आयबीएमच्या १९८३ सालच्या एक्सटी संगणकातील १० मेगाबाइटांच्या डिस्ककरिता आखलेले हे कोष्टक सुमारे दोन टेराबाइटांपर्यंत पुरते, ही दूरदृष्टी की योगायोग, कोण जाणे! डिस्क वाढत गेल्या तसा बायोसही कल्पित रचना सांगू लागला. २५५ वाचनशीर्षे कोणत्याच डिस्कला नव्हती. तरी बायोस तसे सांगे आणि डॉस ते निमूटपणे मानी. म्हणूनच सॉलिड स्टेट ड्राइव्हवरही विभाग पाडून, तो सक्रिय ठरवून ‘सिस’ आज्ञा दिली की फ्रीडॉस सुरू होते.

खरा अडथळा मध्यस्थच नाहीसा होण्याचा आहे. बायोसची जागा यूईएफआयने घेतली. तिच्यातील जुन्या पद्धतीची सोय २०२० पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला. ही सोय नसलेल्या यंत्रावर लहानातली लहान डिस्कही फ्रीडॉसच्या उपयोगी पडत नाही. तेथे क्यूईएमयूसारखे आभासी यंत्र उभारावे लागते आणि त्यातील सीबायोस जुन्या मागण्यांना उत्तर देतो.