वैमानिकाच्या हातांतील बिनतारी संच

विमान उडूं लागलें तरी त्याला वाचा फुटावयास कांहीं वर्षें लागलीं. २७ ऑगस्ट १९१० रोजीं न्यूयॉर्कनजीक शीप्सहेड बे येथें मॅकर्डी नांवाच्या कॅनडाच्या वैमानिकानें उडत्या विमानांतून जमिनीवर बिनतारी संदेश धाडला. पण लहान विमानाला वजनाचें भय मोठें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, तेव्हां त्यांच्या पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें.

यंत्र असलें म्हणजे भागतें, असेंहि नाहीं. २ जुलै १९३७ रोजीं अमेलिया इअरहार्ट या पॅसिफिक महासागरांतील हाउलंड बेट शोधीत होत्या. बेटाजवळील इटास्का नौकेला त्यांचा आवाज मोठ्यानें ऐकूं येई. नौकेवरून बोललेला शब्द मात्र त्यांच्या कानीं पडेना. त्या व त्यांचे सोबती नूनन पुन्हां दिसले नाहींत.

पुढें महायुद्धांत विमानें समुद्रांत कोसळूं लागलीं, आणि विमानाबरोबर त्याचें यंत्रहि बुडूं लागलें. यावर जर्मनांनीं तोड काढली. त्यांचा एक संच १९४१ मध्यें इंग्रजांच्या हातीं लागला, व त्याच्याच धर्तीवर अमेरिकेंत ‘गिब्सन गर्ल’ तयार झाली. चित्रकार गिब्सन यांच्या चित्रांतील सिंहकटी तरुणींवरून हें नांव पडलें. कारण तराफ्यावर बसलेल्या वैमानिकास मांड्यांमध्यें धरतां यावी म्हणून ही पेटीहि कमरेशीं निमुळती केलेली होती. पतंगानें वा फुग्यानें सुमारें ३०० फूट तार वर चढवावयाची आणि दांडा फिरवावयाचा. त्या फिरण्यानेंच वीज निर्माण होई, व ५०० किलोहर्ट्झवर संकटाची खूण आपोआप जाई. पतंग उडविण्याची विद्या प्राण वाचवील, असें कोणा पालकाला वाटलें असेल! मात्र या पेटीला कान नव्हते. ती केवळ बोले.

आजचा वैमानिक हातांत मावणारा संच पिशवींत ठेवितो. माझ्या मतें त्याचा खरा पूर्वज मॅकर्डीचें यंत्र नव्हे, तर ही पेटीच होय. कारण दोघांनाहि विमानाच्या विजेची गरज नाहीं. विमानांतील वीज बंद पडली, तर एरव्हीं विमानतळाच्या मनोऱ्यावरील स्थिर हिरवा दिवा उतरण्याची परवानगी देतो व स्थिर तांबडा दिवा घिरट्या घालावयास सांगतो. हातांतील संच असेल, तर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतां येतें, ऐकतांहि येतें. या लहरी सरळ रेषेंत जातात; म्हणून थोड्या शक्तीचा संचहि उंचावरून दूर पोंचतो. अडचण येते ती ऐकण्याचीच. इंजिनाच्या घरघरींत संचाचा चिमुकला आवाज बुडून जातो, म्हणून कानावरील श्रवणयंत्र त्यास जोडणारी तार जाणते वैमानिक संचाबरोबरच बांधून ठेवतात.