निवारा, पदभ्रमणातील आपत्कालीन
लांब पल्ल्याच्या पायी प्रवासात वादळ, दाट धुके, दुखापत किंवा वाटेतच पडलेला काळोख यांमुळे ठरलेल्या मुक्कामास पोहोचणे अशक्य झाल्यास, जागच्या जागी थांबून जीव वाचविण्यासाठी जवळ बाळगलेले हलके आच्छादन. मुक्कामाचा तंबू आणि हे साधन यांच्या हेतूंत भेद आहे. तंबू विश्रांतीसाठी असतो. आपत्कालीन निवाऱ्याचे कार्य मात्र शरीराची उष्णता राखून एक रात्र निभावून नेणे एवढेच असते. त्याच्या इतिहासात एक पेच सातत्याने आढळतो : निवारा जड असेल, तर तो घरीच ठेवण्याचा मोह होतो; अतिशय हलका असेल, तर ऐन वादळात तो टिकेलच असे नाही.

शरीराचे अंतर्गत तापमान सु. ३७° से. असते. ते ३५° से.च्या खाली उतरू लागले की हालचाली अडखळतात, विचारशक्ती मंदावते आणि वेळीच ऊब न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. यासाठी हिमाची आवश्यकता नसते. ओले कपडे, वारा आणि थकवा हे तिन्ही एकत्र आले, तर तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हा धोका संभवतो. म्हणून वारा अडविणे, पाणी बाहेर ठेवणे आणि थंड जमिनीपासून शरीर अलग राखणे ही अशा निवाऱ्याची तीन प्रमुख कार्ये होत.

पूर्वी डोंगरवाटेवरील प्रवाशाची भिस्त स्थिर निवाऱ्यावर असे. आल्प्समधील सु. २,४७० मी. उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत अकराव्या शतकात मठवासीयांनी धर्मशाळा स्थापन केली. एकोणिसाव्या शतकात गिर्यारोहक रूढ वाटा सोडून उंच कड्यांकडे वळले, तेव्हा निवारा सोबत नेणे अपरिहार्य झाले. इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्पर (१८४०–१९११) याने मॅटरहॉर्नवरील प्रयत्नांच्या काळात चौघांसाठी एक तंबू तयार केला. तो भक्कम होता. पण त्याचे वजन सु. १० किग्रॅ. भरे. पुढे ॲल्बर्ट ममरी (१८५५–९५) याने रेशमी कापडाचा छोटा तंबू वापरला व त्याला खांबांऐवजी बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडींचा आधार दिला. हाती असलेल्या वस्तूलाच दुसरे काम देऊन वजन कमी करण्याचे हे तत्त्व आजही पाळले जाते. व्यवसायाने शिंपी असलेल्या टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) याने हलक्या तंबूंचा प्रसार सायकलस्वार व पदयात्री यांच्यात केला. द कॅम्पर्स हँडबुक (१९०८) हा त्याचा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो.

ऑस्ट्रियातील स्कीइंगचा प्रवर्तक माटिआस झ्डार्स्की (१८५६–१९४०) याच्या नावाने ओळखली जाणारी पिशवी हा विकासाचा निराळा टप्पा होय. तिला खांब नसतात. दोघेतिघे ती डोक्यावरून ओढून आत बसतात. त्यांच्या शरीरांनीच ती ताणली जाते व परस्परांच्या उबेने आतील हवा तापते. गटासाठी वापरली जाणारी आधुनिक आपत्कालीन पिशवी याच तत्त्वावर आधारित आहे.

विसाव्या शतकात रसायनविज्ञानामुळे सामग्री पालटली. पॉलिथीन (१९३३) व नायलॉन (१९३५) यांच्या शोधांनंतर सुती व रेशमी कापड मागे पडले. भडक रंगाची पॉलिथीनची लांब पिशवी स्वस्त व जलाभेद्य असते. परंतु घामाची वाफ बाहेर न पडल्याने ती आतून ओली होते. या दोषावर उपाय म्हणून रॉबर्ट गोर याने १९६९ मध्ये शोधलेले सच्छिद्र पटल उपयोगी पडले. त्यातून वाफ जाते, पण पाण्याचे थेंब शिरत नाहीत. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी १९६४ मध्ये विकसित झालेली ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली पातळ चादर केवळ ५०–६० ग्रॅ. वजनाची असते. ती प्रारणाने जाणारी उष्णता बहुतांशी परत फिरविते. तथापि वाऱ्याने व जमिनीमुळे होणारा उष्णताक्षय ती एकटी थांबवू शकत नाही. शिवाय ती सहज फाटते. म्हणून चादरीपेक्षा पिशवीचा आकार अधिक भरवशाचा ठरतो.

स्थिर निवाऱ्यावर विसंबण्यातील धोका स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतात नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रकर्षाने दिसून आला. एडिंबरो येथील एका शाळेचा गट हिमवादळात पठारावरील छोट्या आसऱ्याकडे निघाला होता. पण तो तेथे पोहोचू शकला नाही. उघड्यावर काढलेल्या दोन रात्रींत पाच विद्यार्थी व एक तरुण प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक मरण पावले. असे आसरे अननुभवी लोकांना उंचावर जाण्यास प्रवृत्त करतात आणि हिमाखाली गाडले गेल्यास सापडत नाहीत, हा युक्तिवाद चौकशीनंतर प्रबळ झाला. याउलट, तेच कित्येकांचे प्राण वाचवितात, असेही काहींचे म्हणणे होते. अखेर १९७५ मध्ये त्या पठारावरील दोन आसरे पाडण्यात आले. निवाऱ्याची जबाबदारी अशा रीतीने पुन्हा चालणाऱ्याच्या पाठीवर आली.

अमेरिकेतील दीर्घ पायवाटांवर हा प्रश्न महिनोन्‌महिने चालणाऱ्यांपुढे होता. सु. ३,५०० किमी. लांबीची ॲपालाचियन वाट एमा गेटवुड (१८८७–१९७३) हिने १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी एकटीने पार केली. तिच्याजवळ तंबू नव्हता. पावसासाठी न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा होता. मात्र त्या वाटेवर ठिकठिकाणी छपऱ्या आहेत आणि लोकवस्तीही फार दूर नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. रे जार्डिन याने १९९२ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात तंबूऐवजी साध्या ताडपत्रीवजा छताचा पुरस्कार केला आणि अत्यल्प भाराच्या पदभ्रमणास चालना दिली. असे छत योग्य जागा निवडून, घट्ट ताणून बांधण्याचे कौशल्य नसेल, तर वाचविलेले वजन संकटात महाग पडते.

महाराष्ट्रात मेंढपाळांची घोंगडी हे याच गरजेतून आलेले साधन होय. तिची खोळ डोक्यावरून घेतली की वारा-पाऊस अडतो व लोकर ओलसर झाली तरी काही ऊब राहते. भिजल्यावर मात्र ती फार जड होते. सह्याद्रीत हिम नसले, तरी पावसाळ्यातील धुके, मुसळधार सरी व घाटमाथ्यावरील वारा यांमुळे वाट चुकलेल्यास थंडीची बाधा होऊ शकते. तेथे दोघांना पुरेल अशी जलाभेद्य पिशवी, अंगाखाली घेण्यास जाड पट्टी व कोरड्या कपड्यांचा एक संच एवढी सामग्री एक किग्रॅ.च्या आसपास बसविता येते. निवड करताना प्रदेश, ऋतू व सोबत्यांची संख्या यांचा विचार करावा लागतो. ते साधन गारठलेल्या बोटांनी, अंधारात व वाऱ्यात उघडता येते की नाही, याची खात्री घर सोडण्यापूर्वीच करून घेणे इष्ट असते.