उंबरखिंडींतील तहान

गेल्या दिवाळीच्या सुटींत चार दिवस आम्ही आमच्या भगिनीकडे चांद्यास होतों. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत नांदे व चांदे हीं जोडगांवें आहेत. लोक त्यांचीं नांवें एका श्वासांत घेतात. हिंजवडीच्या उंच इमारती येथून फार दूर नाहींत, तरी सायंकाळीं पश्चिमेकडे पाहिलें असतां दृष्टीस पडते ती सह्याद्रीची तीच जुनी रांग, जिच्या आडोशानें सतराव्या शतकांत एका लहान राज्याचा जीव वांचला. असो. डोंगर पाहण्याची ही आवड आमची. आमच्या भाच्याची नव्हे. तो कॉलेजांत यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आहे व त्याची सुटी संगणकाच्या पडद्यापुढें जाते.

एके दिवशीं रात्रीं अकराच्या सुमारास त्याच्या खोलींतून मोठी आरोळी ऐकूं आली. आम्ही घाबरून आंत गेलों, तों तो म्हणाला, "मामा, औरंगजेबाची अख्खी फौज पळवून लावली! त्यांच्याजवळ माझ्या दुप्पट माणसें होतीं!" पडद्यावर एका टेकडीच्या उतारावर चिमुकलीं माणसें पळत होतीं व वरच्या बाजूस, हा विजय वीरोचित झाला, अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें झळकत होतीं. वाचकांपैकीं ज्येष्ठांस हे खेळ ठाऊक नसतील म्हणून सांगतों. इंग्लंडांतील हॉर्शम गांवच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें सन २००९ मध्यें ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत इंग्लंड, फ्रान्स, प्रशिया इत्यादि राष्ट्रांबरोबर मराठ्यांचें राज्यहि खेळणाऱ्यास आपल्या हातीं घेतां येतें. नकाशावर कर, रस्ते, तह व सैन्यभरती चालते. दोन फौजांची गांठ पडली म्हणजे रणांगण उघडतें व प्रत्येक पलटणीस आज्ञा देतां येते. उंचवट्यावरील बाजूस लाभ मिळतो, रानांत पायदळ दडवितां येतें, धांवून धांवून माणसें थकतात, आणि सेनापति पडला कीं शेजारच्या तुकड्यांचा धीर सुटतो. भाच्यानें टेकडी धरिली, आपले घोडेस्वार झाडींतून वळसा घालून मोंगलांच्या पाठीवर आणिले व त्यांचा सेनापति पाडिला. डाव उत्तम होता, हें आम्हीं मोकळ्या मनानें कबूल केलें.

परंतु आम्हांस अधिक कुतूहल वाटलें तें खेळाच्या आरंभवर्षाचें. हा खेळ सन १७०० मध्यें सुरू होतो. ज्यानें तें वर्ष निवडिलें त्याच्यापुढें बहुधा स्पेनच्या गादीचा तंटा व उत्तरेकडील स्वीडन-रशियाचें युद्ध हींच असावींत. पण मराठ्यांच्या इतिहासांत याहून बिकट वर्ष शोधूनहि सांपडणें कठीण. मार्च १७०० मध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलांत सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हातीं गेला. गादीवर लहान मूल, राज्यकारभार ताराबाईंच्या शिरावर, आणि हिंदुस्थानचा बादशहा जातीनें दक्षिणेंत ठाण मांडून बसलेला! पडद्यावरील नकाशांत मात्र मराठ्यांचें राज्य एका रंगानें रंगविलेलें, खजिना भरलेला, राजधानी सुखरूप. म्हणजे खेळांत जी विषमता दिसते ती खऱ्या विषमतेच्या पासंगासहि पुरत नाहीं. गंमत अशी कीं, ज्या बाजीरावानें पुढें हा सर्व डाव फिरविला त्याचा जन्महि याच सन १७०० मधला.

युद्धाचे खेळ नवे नाहींत. बुद्धिबळ आपल्याकडचेंच. प्रशियांत रायस्विट्झ पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नकाशा, ठोकळे व फासे यांचा युद्धखेळ रचिला व सन १८२४ पासून तो तेथील लष्करांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं चालूं लागला. आजचे संगणकी खेळ त्याच घराण्यांतले. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स मंडळीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या खेळाच्या चौथ्या आवृत्तींत (सन २०१३) तर फाशाचें दान अजून कायम आहे: डोंगरावर चाल करणाऱ्याच्या दानांतून दोन वजा, नदी ओलांडून येणाऱ्याच्या दानांतून एक वजा. भाच्यानें हें सांगितलें तेव्हां आम्हांस प्रथम हसूं आलें. सह्याद्रीची किंमत दोन! पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मनांत आलें कीं, आम्ही वर्गांत जें शिकवितों त्यांत तरी सह्याद्रीची किंमत याहून अधिक कोठें असते?

दुसरे दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं भाच्यास उंबरखिंडीची हकीकत सांगितली. ती येथें थोड्या विस्तारानें देतों, कारण आमचा पुढील सर्व विचार तिच्यावरच उभा आहे.

सन १६६० च्या मे महिन्यांत शायिस्तेखान पुण्यांत येऊन बसला. चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें पावणेदोन महिने झुंजविला, परंतु ऑगस्टांत तो पडला. मग खानानें कारतलबखान नांवाच्या उझबेक सरदारास कोंकणांत उतरण्याची आज्ञा दिली. त्याजबरोबर माहूरकडील रायबागन ही पराक्रमी स्त्री व कित्येक मराठे सरदारहि होते. ही फौज चिंचवड, तळेगांव, वडगांव, मळवलीवरून लोहगडाच्या बाजूनें घाटमाथ्यावर आली व कुरवंड्याच्या वाटेनें खालीं उतरूं लागली. शिवाजीमहाराजांनीं तिला अडविलें नाहीं, उतरूं दिलें. पुढें उंबरखिंडीचें तोंड बंद केलें, आणि फौज सगळी खालीं आल्यावर पाठीमागची घाटवाटहि बंद केली. हें सन १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं घडलें. दोहों बाजूंस उंच कडे, दाट झाडी, माणसामागें माणूस चालेल एवढीच वाट, वारा नाहीं, पाणी नाहीं. झाडींतून बाण, गोळ्या व दगड यांचा मारा सुरू झाला, तेव्हां शत्रु कोठें आहे हेंच मोंगलांस दिसेना. तहानेनें माणसें व जनावरें कासावीस झालीं. अखेर रायबागनेनेंच खानास त्याच्या अविचाराबद्दल चार खडे शब्द ऐकवून शरण जाण्याचा सल्ला दिला. खानानें वकील पाठविला. मोठी खंडणी घेऊन महाराजांनीं त्यास अभय दिलें व फौजेला वाट मोकळी करून दिली.

या प्रसंगाचें मुख्य वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत आहे. तंजावरास सांपडलेलें हें काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादून सन १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें. परमानंद हा राजाश्रित कवि. नायकाचा गौरव करणें त्याचें कामच होतें, तेव्हां त्याचें प्रत्येक विशेषण कोणीं साक्षीपुराव्यासारखें धरूं नये. तथापि याच दरबारी कवीनें शत्रूच्या पराभवाचें कारण शौर्याच्या जोडीला वारा व पाणी यांच्या अभावांत दाखविलें आहे, हें विशेष होय.

आणि येथें आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. जवळजवळ तीस वर्षें आम्ही हा प्रसंग वर्गांत सांगत आलों. आमच्या सांगण्यांत मावळे शूर असत, खान मूर्ख असे, आणि तास संपण्यापूर्वीं टाळ्या पडत. भाच्यानें सर्व ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला: "मामा, खान एवढा मोठा सरदार होता, तर तो त्या वाटेनें गेला कशाला?" त्याच्या पडद्यावर सर्व मुलूख आकाशांतून दिसतो, खिंड कोठें अरुंद होते हें घोडा हालण्यापूर्वींच समजतें. कारतलबखानास तें दिसत नव्हतें. त्यास जी माहिती होती ती वाटाड्यांच्या तोंडची, आणि त्या मुलखांतील वाटाडे कोणाची बाजू धरीत, हें सांगण्याची गरज नाहीं. तो मूर्ख नव्हता, आंधळा होता. महाराजांनीं त्यास संख्येनें जिंकिलें नाहीं, केवळ तलवारीनेंहि जिंकिलें नाहीं. त्या मुलखाचें ज्ञान त्यांस होतें व खानास नव्हतें, या अंतरानें जिंकिलें. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. पण टाळ्या पडतात त्या शौर्याच्या वाक्यावर, म्हणून तेंच वाक्य आम्हीं तीस वर्षें घोटलें.

तहान ही गोष्ट त्या खेळांत नाहीं. माणसें थकतात, भितात, पळतात. पण त्यांस रणांगणावर कधीं तहान लागत नाहीं. स्वीडनच्या खेळांत मुलुखास पेलणार नाहीं एवढी फौज नेली तर ती महिन्यामहिन्यानें शेंकडा कांहीं झिजते. पण दुपारच्या दोन तासांत तहान काय करते, हें त्या हिशेबांत येत नाहीं.

आणि मराठ्यांचे संख्येस न जुमानणारे विजय पाहिले तर त्यांतील दोन फार मोठे विजय या पाण्यावरच ठरले आहेत. दुसरा पालखेडचा. सन १७२८ मध्यें निजाम छप्पन वर्षांचा, मुरब्बी, जड तोफखान्याचा धनी. बाजीराव सत्ताविशींतला, जवळ घोड्यांवांचून फारसें कांहीं नाहीं. निजाम पुण्यापर्यंत येऊन बसला तरी बाजीराव पुण्याच्या रक्षणास परतला नाहीं. तो खानदेश, गुजराथ असा फिरत राहिला आणि शेवटीं औरंगाबादेवर चालून जाण्याची हूल त्यानें दाखविली. राजधानीच्या काळजीनें निजाम पुणें सोडून निघाला. वेग वाढवावा म्हणून जड तोफा मागें ठेविल्या. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापुराजवळ पालखेडास, पाण्यापासून दूर अशा जागीं, मराठ्यांच्या वेढ्यांत सांपडला. मार्चच्या आरंभीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. विसाव्या शतकांतील ब्रिटिश सेनापति माँटगॉमेरी यानें युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत या मोहिमेची मुक्तकंठानें प्रशंसा केली आहे. सांगण्याजोगें हें कीं, येथें मोठी लढाई अशी झालीच नाहीं. भाच्याच्या यंत्रानें या विजयास काय नांव दिलें असतें, कोण जाणे!

आणखी एक गोष्ट खेळांत नसते. ती म्हणजे विजयानंतरचा दिवस. भाच्याचा डाव फसला तर तो अर्ध्या तासापूर्वींची जपून ठेविलेली स्थिति पुन्हां उघडतो. डाव साधला तर शत्रूची ती फौज नकाशावरून कायमची पुसली जाते. उंबरखिंडीनंतर तसें झालें नाहीं. महाराज दाभोळ, राजापूर या बाजूस गेले, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मोंगलांनीं कल्याण घेतलें. शायिस्तेखान आणखी दोन वर्षें पुण्यांत बसून होता. एप्रिल १६६३ मध्यें लाल महालांत त्याचीं बोटें तुटलीं तेव्हां कोठें तो हालला. सन १६६५ मध्यें पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले द्यावे लागले. वर्गांत आम्ही उंबरखिंडीवरून एकदम लाल महालावर उडी घेत असूं; मधलें कल्याण आम्हीं मुलांस कधीं सांगितलें नाहीं. यंदा तें प्रथम सांगितलें. टाळ्या पडल्या नाहींत, पण तासानंतर तिघेजण मागें थांबले. यापूर्वीं असें क्वचितच घडलें असेल.

पुढें फेब्रुवारींत भाचा व आम्ही मुद्दाम उंबरखिंडीस गेलों. खोपोलीकडून चावणी गांवास जावें लागतें. अंबा नदीच्या पात्रांत त्या युद्धाचें स्मारक उभारलेलें आहे. नदी आटून डबक्यांची झाली होती, पण पाणी होतें. भाचा म्हणाला, "मामा, नदी इथेंच आहे, मग तहान कसली?" आम्हीं त्यास घाटवाटेकडे नेलें. पुढची माणसें कदाचित् नदीपर्यंत पोंचलीं असतील; पण एकामागून एक चालणारी ती रांग किती लांब पसरली असेल, आणि मधल्या माणसानें पुढें जावें कसें व मागें फिरावें कसें? हा आमचा तर्कच आहे. परमानंद एवढ्या तपशिलांत शिरत नाहीं. घाट चढूं लागलों तेव्हां अकरा वाजले होते. झाडींत खरोखरच वारा नव्हता. पाऊण तासांत आमच्या दोन बाटल्या संपल्या, आणि भाच्यानें तिसरी काढून आधीं आमच्या हातीं दिली.