पांढऱ्या वाळूचें बेट

गेल्या माघांत आमच्या धाकट्या कन्येचें लग्न विंचुरास पार पडलें. घर रिकामें झाल्यावर आमच्या कुटुंबानें, तीस वर्षांच्या संसारांत प्रथमच, आमच्यापाशीं कांहीं मागितलें. लेक व जांवई अंदमानास जाऊन आलीं होतीं, त्यांनीं दाखविलेल्या छायाचित्रांतील शुभ्र वाळू व निळें पाणी पाहून ती म्हणाली, "तुमचे किल्ले, समाध्या आणि शिलालेख पुष्कळ पाहिले. आतां एकदां अशा ठिकाणीं न्या कीं जेथें तुम्हांला सांगण्यासारखें कांहीं नसेल." महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्याच्या पत्नीची ही मागणी अगदीं न्याय्य होती. सुटी लागली कीं आम्ही तिला दफ्तरांच्या व दगडांच्या मागें हिंडवीत आलों, हें आम्हांस नाकबूल करतां येण्यासारखें नव्हतें. आम्हीं वचन दिलें.

विंचूर हें देशावरचें, कांद्याद्राक्षांचें गांव. पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यामुळें त्याचें नांव इतिहासांत आलें, आणि विंचूरकरांच्या घोड्यांनीं पानिपताची धूळ पाहिली. परंतु समुद्राचा व या गांवाचा संबंध फारसा नाहीं. त्यामुळें अंदमानांतील ज्या बेटावर आम्ही उतरलों तेथील राधानगरच्या किनाऱ्यावर उभें राहतांच आम्ही उभयतां कांहीं वेळ नुसतीं पाहत राहिलों. कोंकणांतील वाळू काळसर, कारण तिच्यांत सह्याद्रीचा कातळ दळलेला असतो. येथील वाळू प्रवाळांच्या व शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. पोपटाच्या चोंचीसारखें तोंड असलेले मासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचें पीठ करून टाकतात. त्या पिठाचाही तिच्यांत मोठा वाटा असतो. ही माहिती ऐकून आमचें कुटुंब हसलें. माशांविषयीं बोलण्यास बंदी नव्हती.

वचन मोडलें तें आमच्या हातून नव्हे. दुसऱ्या दिवशीं धक्क्यावरील एका जुन्या पाटीवर 'हॅवलॉक' हें नांव तिनें वाचलें, आणि "हा कोण?" असें विचारलें. आम्ही गप्प राहिलों. तिनें पुन्हां विचारलें, तेव्हां सांगणें भाग पडलें.

1857 च्या जुलैंत ज्या सेनापतीनें नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेतलें तो हेन्री हॅवलॉक. शेजारच्या लहान बेटास ज्याचें नांव होतें तो जेम्स नील. अलाहाबादेस व कानपुरास त्यानें लोकांना दिलेल्या शिक्षा इतक्या अमानुष होत्या कीं त्या येथें लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. तात्या टोपे मूळचे येवल्याचे, म्हणजे विंचुराहून घटकाभराच्या वाटेवरचे. त्यांच्या गांवच्या शेजाऱ्यांनीं, पैसे खर्चून, त्यांच्या शत्रूच्या नांवाच्या बेटावर विश्रांतीस यावें, हा योग कित्येक वर्षें बिनबोभाट चालला होता. 2018 सालीं हॅवलॉकचें स्वराज द्वीप व नीलचें शहीद द्वीप झालें. अंदमान-निकोबारांस शहीद व स्वराज हीं नांवें सुभाषबाबूंनीं 1943 च्या डिसेंबरांत, जपानी ताब्याच्या काळीं, दिलीं होतीं. पुढें 2024 सालीं पोर्ट ब्लेअरचेंही श्रीविजयपुरम् झालें. नांव बदलल्यानें इतिहास बदलत नाहीं हें खरें; पण नांव कोणाचें होतें हें विचारण्याचीही गरज आजवर आपणांस वाटली नव्हती, हें अधिक खरें.

एकदां बांध फुटल्यावर तिनेंच पुढचें विचारलें: आमच्यासारखीं जोडपीं या वाळूवर प्रथम केव्हां आलीं? प्रश्न चांगला होता, आणि त्याचें उत्तर सुखाचें नाहीं. 1858 च्या मार्चांत डॉक्टर वॉकरनें बंडांतील दोनशे कैदी येथें आणून उतरविले. त्या वर्षींच्या एप्रिलांत दूधनाथ तिवारी नांवाचा एक शिपाई कैदी रानांत पळाला. अंदमानी लोकांनीं त्याला प्रथम बाणांनीं घायाळ केलें, मग आपल्यांत घेतलें. लीपा नांवाची एक तरुणी त्याची पत्नी झाली. वर्षभर तो त्यांच्याबरोबर किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडला. 1859 च्या मे महिन्यांत अंदमान्यांनीं वसाहतीवर हल्ल्याचा बेत केला, तेव्हां हा गर्भवती लीपेस सोडून इंग्रजांकडे गेला आणि बातमी फोडली. हल्ला फसला. दूधनाथास माफी मिळाली व तो हिंदुस्थानांत परतला. लीपेचें पुढें काय झालें याची नोंद साहेबाच्या कागदांत शोधण्यांत अर्थ नाहीं. तिच्या लोकांपैकीं, ज्यांची त्या काळीं कांहीं सहस्र वस्ती होती, आज पन्नासाच्या आसपास माणसें उरलीं आहेत. त्यांतील बहुतेकांस गोंवर, उपदंश वगैरे आपल्याकडून गेलेल्या रोगांनीं नेलें.

त्यानंतरचीं जोडपीं सरकारनें जुळविलेलीं. कांहीं वर्षें शिक्षा भोगून चांगली वागणूक ठेवलेल्या बंदिवानास स्वतःचें पोट भरण्याची मुभा मिळे, आणि स्त्रियांच्या तुरुंगांतील एखादीशीं लग्न करण्याची परवानगी. एक पंजाबी, एक बंगाली. भाषा वेगळी, जात वेगळी, दोघांच्याही मागें एखादा खून. त्यांची मुलें पुढें हिंदुस्थानी बोलूं लागलीं, आणि जातिभेदाची गांठ तेथें आपोआप सैल झाली. मुंबईपुण्याच्या सभांतून जें साधलें नाहीं तें काळ्या पाण्यानें साधलें, असें कोणी म्हटल्यास आम्ही विरोध करणार नाहीं; मात्र किंमत फार पडली.

परतीच्या आदल्या दिवशीं ती आपण होऊन म्हणाली, "आतां तुरुंगही दाखवा."

1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेल्या त्या इमारतीच्या सात बाहू होत्या, आज तीन उरल्या आहेत. प्रत्येक बाहूचें तोंड पुढच्या बाहूच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्यास दुसऱ्याचें दर्शनही घडूं नये. कोलू पाहिला, त्याला बैलासारखें जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढावें लागे. आमच्याच जिल्ह्यांतील भगूरचे गणेशपंत सावरकर 1910 सालीं आणि त्यांचे बंधु विनायकराव 1911 च्या 4 जुलै रोजीं येथें आले. विनायकरावांच्या सुटकेच्या अर्जांविषयीं व पुढील राजकारणाविषयीं वाचकांत मतभेद आहेत आणि ते राहणारच, आमचेही आहेत. त्या दिवशीं आम्हांस मात्र दोन बायकांचें स्मरण झालें.

यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी, गणेशपंतांची पत्नी. 1909 सालीं पतीस जन्मठेप झाली, चीजवस्तू जप्त झाली, आणि त्या पतीस भेटण्यासाठीं सरकाराकडे अर्ज करीत राहिल्या. 1919 सालीं परवानगी आली. पण तत्पूर्वीं त्यांनीं डोळे मिटले होते. त्याच वर्षीं विनायकरावांची पत्नी यमुनाबाई धाकटे दीर नारायणराव यांच्याबरोबर बोटीनें येथें आल्या. पतिपत्नींची ती आठ वर्षांनंतरची भेट. येसूवहिनी कां आल्या नाहींत, हें बंधूंस त्या भेटींत कळलें. दोघे बंधु 1921 च्या मे महिन्यांत हिंदुस्थानांत परत आणले गेले.

आमचें कुटुंब पायरीवर बसून होतें. यमुनाबाईंनीं वाळू पाहिली असेल का, असें तिनें विचारलें. बंदरापासून तुरुंगाची चढण थोडकी आहे, वाटेंत समुद्र दिसतो, एवढें आम्हीं सांगितलें. मग ती म्हणाली कीं येसूवहिनींना नाशकांत राहून दहा वर्षें अर्ज करतांना कोणी लिहून देत असेल का, कीं त्या स्वतः लिहीत? इतकीं वर्षें आम्ही या विषयावर बोलत आलों आहों. हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता.

विंचुरास परतल्यावर अंगणांत तिनें चपला झटकल्या, तेव्हां थोडी पांढरी वाळू तुळशीपाशीं सांडली. ती तेथें अजून दिसते, पावसापर्यंत राहील.