चिंबोरी आणि बांध

खडकातल्या डबक्यात वाकून पाहिले की कपारीत आडवा पळणारा खेकडा दिसतो. आमच्या करंजाडे-पनवेलकडे मात्र खडकाळ किनारा नाही. इथे खाडी, चिखल आणि खारफुटी. इथल्या आगरी-कोळ्यांचा शेजार चिखलात बीळ करणाऱ्या चिंबोरीशी. चिंबोरी कालवणात हवी, पण बांधात नको!

हा बांध म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा अर्धा इतिहास आहे. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, आतली जमीन पावसाने धुऊ द्यायची, मग तिथे भात लावायचा. पावसाचे जादा पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचे. चिंबोरीने बांधात बीळ पाडले की उधाणाला त्यातून पाणी झिरपते, माती सुटते आणि खांड पडते. शेत खारटले की ते निवळायला काही पावसाळे जातात. म्हणून बांधावर फेरी मारायची, बीळ दिसले की लगेच चिखलाने बुजवायचे.

हे कष्ट कुळांचे आणि निम्मे पीक खोताचे! याच अन्यायाविरुद्ध १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा आला आणि बांधांच्या कामात सरकार उतरले.

जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांना दिला. राज्यभर चेष्टा झाली, निषेध झाले. खेकडा माती पोखरतो हे खरेच आहे. पण आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे कित्येक पिढ्या ठाऊक होते, म्हणून तर तो फेरी मारत होता. गळतीची तक्रार तिवऱ्याच्या गावकऱ्यांनीही आधीच केली होती. खेकडा तेव्हाही होता, आजही आहे. फेरी मारणारा कुठे गेला, हा खरा प्रश्न.

असो. १९७० साली सिडको आली, खारजमिनींवर भराव पडला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला, गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. विकास हवाच. पण भरती-ओहोटी रोज दोनदा येतेच आहे, आणि भरावाखाली कुठे उघाडी होती हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.