भुतांच्या गोष्टीतली दोन मुलं

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' भुतांची गोष्ट म्हणून ओळखली जाते. एबनेझर स्क्रूज हा लंडनमधला कवडीचुंबक म्हातारा. चमडी जाईल पण दमडी सुटणार नाही असा. नाताळच्या आदल्या रात्री, सात वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार मार्ले समोर येऊन उभा राहतो. मागोमाग कालच्या, आजच्या आणि उद्याच्या नाताळाची भुतं येतात आणि सकाळी स्क्रूज वेगळाच माणूस होऊन उठतो. पण या गोष्टीचं मूळ भुताखेतांत नाही. ते एका सरकारी अहवालात आहे.

इंग्लंडमध्ये १८४० साली मुलांच्या मजुरीची चौकशी करायला आयोग नेमला गेला. खाणींवरचा अहवाल १८४२ साली आला, कारखान्यांवरचा १८४३ साली. त्यांत मुलांच्या जबान्या होत्या. कोळशाच्या खाणीत हवेची दारं उघडायला-लावायला पाच-सहा वर्षांची पोरं अंधारात बसत. हे वाचून डिकन्स हादरला, आणि त्याला कारण होतं. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते, तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. हे त्यानं हयातभर वाचकांना कळू दिलं नाही.

आधी तो गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढणार होता. ते बाजूला ठेवून, १८४३च्या ऑक्टोबरात त्यानं ही गोष्ट लिहायला घेतली आणि सहा आठवड्यांत संपवली. मी कवी माणूस, मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. अहवालात मुलं हजारांनी आहेत. गोष्टीत, आजच्या नाताळाचं भूत आपल्या झग्याचा घोळ बाजूला करतं तेव्हा पायाशी दोनच मुलं दिसतात, खंगलेली, हिंस्र डोळ्यांची. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं नाव दारिद्र्य. भूत बजावतं की दोघांपासून सावध राहा, पण मुलापासून जास्त.

मार्लेच्या भुताच्या अंगावर साखळी आहे. तिला तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या लटकलेल्या. जन्मभर त्यानंच ती कडीकडीनं घडवली. कंजुषानं राखून ठेवलेलं धन कयामतच्या दिवशी त्याच्याच गळ्यात पडेल, असं कुराणातही आहे. लहानपणापासून ते ऐकत आलेल्या मला ही साखळी परकी वाटली नाही.

पुस्तक १९ डिसेंबर १८४३ला निघालं आणि नाताळच्या आधी पहिल्या सहा हजार प्रती संपल्या. छपाईचा खर्च डिकन्सनं स्वतः उचलला होता. रंगीत चित्रं, सोनेरी कडा, आणि किंमत मात्र पाच शिलिंग. हजार पौंडांची आशा होती, हातात आले दोनशे तीस. पुढं चोरून छापणाऱ्यांवर खटला भरला, जिंकला; ते दिवाळखोर झाले आणि सातशे पौंडांचा खर्च याच्याच डोक्यावर बसला! पाच शिलिंग स्वस्त म्हणावेत, तर स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट याचा आठवड्याचा पगारच पंधरा शिलिंग होता. ज्याच्या घरची ही गोष्ट, त्याला ती विकत घेणं जडच गेलं असतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. स्क्रूजचा पीळ एका रात्रीत कसा गेला, असं टीकाकार विचारतात. मला तो प्रश्न पडत नाही. स्क्रूज नुसता रडत बसत नाही, दुसऱ्या दिवशी कारकुनाचा पगार वाढवतो. मला सलतं ते वेगळंच. क्रॅचिटचा आजारी मुलगा टिम वाचतो, पण झग्याखालची ती दोन मुलं गोष्टीत पुन्हा येत नाहीत.

९ जून १८७० रोजी डिकन्स गेला. इंग्लंडमधल्या मुलांसाठी गावोगावी प्राथमिक शाळांची सोय करणारा कायदा त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ९ ऑगस्टला झाला.